बक्षीसपत्र

कॉलेज जे पत्र पाठवतं
त्याला इथे बक्षीसपत्रच म्हणतात.
एकोणीस वर्षं मी ती छापते आहे,
ओहायोतल्या नदीकाठच्या एका गावी, तळघरात,
जिथे हीटर खोकतो
आणि ऐन मार्चमध्ये कागद संपतो.

पत्रात चार ओळी असतात.
सरकारी अनुदान : हे परत मागत नाहीत.
ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम : ही मजुरी.
सरकारी कर्ज : त्याला मर्यादा आहे,
आणि ती संपते तिथून पुढे
फीचा अर्धा जिना चढायचा उरतोच.
चौथी ओळ बँकेची.
चारही एकाच टायपात, एकाच बेरजेत.
खाली ठळक : अभिनंदन.

वेंडल प्रुइट टोपी हातात धरून आला होता.
शाळेची बस चालवायचा.
सोबत मुलगी, मार्लीस. तिला शिकायचं होतं
दमेकऱ्यांना श्वास कसा परत द्यायचा ते.
चौथ्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं,
"हे बक्षीस कशाबद्दल?"
ते कर्ज आहे, मी म्हणाले.
"मग तसं का नाही लिहीत?"
साचा वरून येतो, मी म्हणाले.
हे वाक्य मी इतकं वापरलंय
की आता ते माझ्याशिवायही बोलतं.

व्याज बदलत राहील, मी सांगितलं.
किती? बँक म्हणेल तितकं.
जामीन हवा. सही दोघांची.
त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं,
बसच्या फेऱ्या नोंदायचं,
आणि नाव असं सावकाश लिहिलं
जसं मुलं नव्या वहीवर लिहितात.

मार्लीस तिसऱ्या वर्षी गेली.
पुलावर बर्फ होतं, ती रात्रपाळीहून परतत होती.
सरकारी कर्ज एका दाखल्यावर मिटलं.
बँकेचं मिटलं नाही.
पुढे कायदा बदलला म्हणे,
पण पुढच्यांसाठी.
मागच्यांच्या सह्या वाळलेल्या होत्या.

मी त्याला बँकेचा नंबर दिला,
अर्ज भरून दिला, दयेच्या रकान्यात काय लिहायचं तेही सांगितलं.
त्याने सगळं घडी घालून टोपीत ठेवलं.
म्हणाला, एकच विचारायचंय,
हप्त्याचं पाकीट अजून तिच्या नावानं येतं.
अर्ज केला तर
ते माझ्या नावानं यायला लागेल का?

मला माहीत नव्हतं.
साचा वरून येतो, हे ओठांवर आलं होतं.

त्याने अर्ज केला की नाही, कळलं नाही.
सकाळी सहाला पिवळी बस अजून जाते, तोच चालवतो,
वय सत्तरीला टेकलंय.

या मार्चपासून मी
प्रत्येक पत्रात चौथ्या ओळीपुढे
पेन्सिलीने लिहिते : हे फेडायचं आहे. बापालासुद्धा.
साहेब दोनदा खाली येऊन गेले.
खोडून टाका, म्हणाले.

शोधते आहे, मी सांगितलंय.
ऑफिसातलं खोडरबर
सध्या सापडत नाही.