वासे

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, सोनारांच्या गल्लीमागं
एक मुसाफिरखाना होता. आता सात दुकानं आहेत.
बलदियाचा कागद खिशात घालून मी शिडीवर:
छत उतरवण्याआधी
प्रत्येक वासा मोजून लिहायचा.

खाली कुंजुमोन मोबाईलच्या कव्हरांवर लुंगी पसरतो.
पलीकडे अबाया घातलेल्या बाहुल्या,
डोकी नसलेल्या.

जिप्समची फळी सरकवली
की जुना काळोख अंगावर येतो, आणि चंदलाचे वासे,
आफ्रिकेच्या कुठल्या खाडीत खारं पाणी पिऊन वाढलेले.
पावणेअकरा फूट.
पावणेअकरा.
पावणेअकराला दोन बोटं कमी.
साती दुकानांची रुंदी तेवढीच,
कारण ते झाड त्याहून लांब सरळ वाढत नाही.
मोती काढणारे, खजूरवाले, बसऱ्याचा तो घोडेव्यापारी,
सगळे एका झाडाच्या मापात
पाय दुमडून निजले.
फ्रीज आडवा मावत नाही म्हणून
कुंजुमोन आज त्याच झाडाला शिव्या देतो.

वरच्या मजल्याचा सांगाडा सागाचा.
खांब, तुळया, कुशीला कूस, खिळा नाही कुठं.
टॉर्च दातांत धरून सांध्यांवर बोट फिरवतो,
पटाशीनं कोरलेले आपले आकडे:
१, २, ३, ४.
पुढं ६.
मग ५.
कोरणारा तिकडचा, जोडणारा इकडचा,
मधे गलबत.
तिथंच खांब अंगठाभर कलला आहे,
आणि फटीत कुणीतरी ठोकलेली
खजुराच्या लाकडाची पाचर.
हलवून पाहिली. हलत नाही.

हाजी मकी खालून ओरडतात, "कितना हुआ?"
त्यांचे आजोबा रात्रीचे दोन आणे घ्यायचे,
भिंतीकडेच्या जागेला तीन.

आई म्हणायची, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.
चौदा वर्षं खातोय इथं.
आणि आजची मजुरी, आई,
नेमकी त्याचीच.

एकशे बारा. त्यांतले सव्वीस किडलेले.
क्रमांकाच्या रकान्यात मी पाच आधी लिहिला,
मग खोडून सहा.
पाचरीला रकाना नव्हता.
समासात तिचं चित्र काढलं,
चांगलं नाही जमलं,
शिडी हलत होती.