गाडी रात्री कुठं झोपते

निझवाच्या सनायात जो येतो तो एकच तेल मागतो,
वीस डब्ल्यू पन्नास.
ऊन पन्नास, तेल पन्नास, हिशेब सोपा.
मीही ओतत राहिलो चार उन्हाळे
डब्यावरच्या डब्ल्यूकडे न बघता.

फेब्रुवारीत खलफान पिकअप घेऊन परत आले.
त्यांचं घर वर, जबल अखदरवर, डाळिंबांच्या बागेत.
अरबीत काहीतरी म्हणाले, मला कळेना,
तेव्हा घशातून इंजिनच काढून दाखवलं:
खर्र, खर्र, मग बराच वेळ
टकटक टकटक,
कोणी रिकाम्या घराची कडी वाजवावी तशी.

मी फिल्टर खोलायला वाकलो.
अब्बास वस्तादांनी हातातला पाना काढून घेतला.
वस्ताद म्हसळ्याचे. विचारलं,
"तुझी आई जानेवारीत खोबरेल कुठं ठेवते?"
उन्हात. गोठतं ना.
"मग हा डब्ल्यू तोच. गारठ्याचा आकडा.
वीस म्हणजे पहाटे थेंब विचार करत बसतो,
तेवढ्यात वरचं लोखंड कोरडं घासतं.
पाच असेल तर हाकेसरशी उठतो."

आणि मागचा आकडा?
त्यांनी डिपस्टिकवरचा थेंब
अंगठा नि तर्जनीत धरून ओढला.
"पाक. एकतारी की दोनतारी.
तापल्यावर तार किती उरते, एवढंच."

सीटखाली गाडीचं पुस्तक सापडलं.
पानांत वाळू, एक खजुराची बी,
कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण.
तक्त्यात डावीकडे उणे, उजवीकडे आमचा जून,
आणि पाच-चाळीसची रेघ
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खलफानना मात्र सोनेरी डब्यातलं हवं होतं,
शून्य-वीस, सगळ्यात महाग.
वस्ताद नाही म्हणाले.
"दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललीय बाबा.
झिजलेल्या फटींतून ते पाण्यासारखं पळेल.
महाग तेच बरोबर असतं
तर आपण अत्तर ओतलं असतं."
हे त्यांनी अरबीत कसं सांगितलं देव जाणे,
खलफान हसले, दाढीला हात लावून.

तिसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा निरोप आला.
शब्द एकही नाही.
चावी, एक क्षण, आणि सरळ घरघर.
मागे कुठंतरी कोंबडा.
वस्ताद चहात खबूस बुडवत होते,
"हं," म्हणाले.

वीस-पन्नासचे अकरा डबे अजून फळीवर आहेत,
खपतातही.
पण झाकण फिरवण्याआधी मी आता विचारतो,
गाडी रात्री कुठं झोपते?
लोक माझ्याकडे बघत राहतात.
मग सांगायला लागतात.