वीस

सकाळचे तक्ते चाळताना मला आधी हसू येतं, मग नाही येत.
नाडी बहात्तर, अठ्ठ्याऐंशी, एकशे चार,
माणसागणिक वेगळी.
श्वास मात्र सगळ्यांचा वीस.
एक नंबर, वीस. चार नंबर, वीस.
सात नंबर तर रात्रीच घरी गेला,
त्याची गादी गॅलरीत उन्हात टाकलीय,
तिचाही वीस.

सहाजणी ओळीत उभ्या.
कोटाला इस्त्री, नव्या बुटांनी टाचेला फोड.
कुणी लिहिलं, विचारलं
तर सगळ्यांची नजर फरशीवर.
मग अंबिका यन्नम हात वर करते,
शाळेत करतात तसा,
कोपर दुसऱ्या हातानं धरून.

मी ओरडले नाही.
माझ्यावर जी ओरडली होती
ती रिटायर होऊन गेली, वारलीसुद्धा,
आवाज तिचा अजून लिननच्या खोलीत आहे.

म्हटलं, घड्याळ काढ. चौदा नंबरपाशी बस.
मोजतेयस हे कळू देऊ नकोस,
कळलं की माणूस श्वाससुद्धा
पाहुण्यांसमोर बसल्यासारखा नीट घेतो.
मनगट धरून ठेव, नजर छातीवर.
पूर्ण एक मिनिट.
पंधरा सेकंद गुणिले चार, हा हिशेब मंडईतला.

चौदा नंबर गुंडेटी मल्लय्या.
चाळीस वर्षं चादरीच्या मागावर,
छातीत सुताचा फुफाटा.
मार्चमधलं सोलापूर, दहा वाजताच
पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडे करतोय.
मी औषधांच्या ट्रॉलीमागून बघत होते.
तिचे ओठ हलत होते,
ओकटी, रेंडू, मूडू...
पंचविसावर जरा अडखळली.
घरी आई विड्या वळते,
पंचवीस झाल्या की तिथं दोरा बांधायचा असतो.
इथं बांधता येईना. छाती थांबतच नव्हती.

चौतीस, मॅडम.
परत मोजलंस?
परत छत्तीस.

मग डॉक्टरला फोन, पाठीमागे तीन उशा,
ऑक्सिजनचा मास्क, त्याचा रबर कानामागे काचणारा.
धावपळीत म्हातारा काहीतरी पुटपुटला.
मी नेहमीसारखं मोठ्यानं विचारलं, काय होतंय बाबा?
मोठ्यानं विचारलं की भाषा कळते
असं मला इतकी वर्षं वाटत आलंय.
अंबिका वाकली. म्हणाली,
ऊपिरि आडटम लेदु म्हणतायत.
श्वास चालत नाहीये.
मग स्वतःशीच, म्हणजे, खेळत नाहीये.
आमच्यात श्वास खेळतो, मॅडम.

सव्वीस वर्षं या वॉर्डात.
निम्मे पेशंट पूर्व भागातले.
मी त्यांच्याकडून चादर स्वस्तात कुठं मिळते ते शिकले.

दुपारी जेवताना तिनं डब्यातली शेंगाचटणी पुढं केली.
विचारलं, मॅडम, तुम्ही कधी लिहिला होता, वीस?
भाकरी मोडता मोडता मी थांबले.
सांगायचं होतं.
बेड नंबरसुद्धा आठवतो, खिडकीपासून दुसरा,
आणि त्याच्या बायकोची स्टीलची किटली.
तेवढ्यात दोन वाजताच्या इंजेक्शनची हाक आली,
आणि मी, खरं सांगते, उठताना हलकी झाले.

शनिवारी पोस्टिंग संपली.
लॉगबुकात रकाने असतात,
पाहिले, मदत केली, स्वतः केले.
तिच्यासाठी मी तिसऱ्यात सही केली,
तारीख टाकली, शिक्का पुसट आला म्हणून परत मारला.
ग्लोव्हजच्या खोक्यावर तिच्याकडून
ते तीन शब्द देवनागरीत लिहून घेतले.

सोमवारी नवी बॅच. तक्त्यांवर सगळे अठरा.
पोरी जरा हुशार दिसतायत.
मी नऊ नंबरपाशी गेले, खोक्यावरचं पाठ करून,
आणि शब्द असा काही वाकडा उच्चारला
की तो माणूस खो खो हसला,
हसता हसता खोकला,
खोकता खोकता माझं मनगट त्यानंच धरलं.
मी घड्याळाकडे बघितलं.
ओकटी. रेंडू.
तीनला काय म्हणतात ते विसरले,
पुढचं मराठीत मोजलं.