पाचव्या दिवशी पाणी

आमच्या बोळात पाणी पाचव्या दिवशी यायचं,
तेही रात्री अडीचला, कधी पावणेचारला.
कधी नुसताच नळ खोकायचा
आणि आई मांडीवरचं सूप न हलवता
विडीचं पान कापता कापता म्हणायची,
नीळ्ळु लेवु.

रेवणसिद्ध हे कुणाचं नाव असतं
मला माहीत नव्हतं.
तो होता चावीवाला.
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी,
सायकलच्या दांडीला बांधलेली बॅटरी,
आणि मागून अख्ख्या पाच्छा पेठेच्या शिव्या.

त्यातल्या अर्ध्या माझ्या.
नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता.
मी फोन केला गणवेशाच्या कारखान्यातून,
काज करायच्या मशीनच्या वरताण ओरडून :
सात वाजता कामावर जायचं असतं आम्हाला,
पाण्याच्या दिवशी तुम्ही झोपता काय?
तो म्हणाला, टाकीत लेव्हल नाही ओ ताई,
आली की सोडलालो.

ताई म्हणाला.
हे मी त्याला अजून ऐकवते.

पुढं तो आपणहून मिसकॉल द्यायला लागला.
एक रिंग : अर्ध्या तासात.
दोन रिंगा : आज नाही, झोपा.
मी उठून बोळातल्या कड्या वाजवायची,
यल्लव्वा, सत्तारचाचा, माडीवरचे पुल्ली मास्तर.
सगळ्यांचे हंडे भरत होते
म्हणून कुणी विचारलं नाही
राजमणीला आधी कसं कळतं.

मग एका मंगळवारी, पाण्याचा दिवस नसताना,
तीन रिंगा आल्या.
तीनचं काही ठरलंच नव्हतं.
मी अंधारात हंड्यांकडे बघत बसले.
सगळे भरलेले होते.

उजेडात भेटलो ते मे महिन्यात,
सिद्धेश्वर तळ्याच्या काठाला, चव्वेचाळीस डिग्रीत.
त्याच्या तळहाताला चावीचे घट्टे,
माझ्या बोटाला सुईची भोकं.
रुमालात त्यानं कडक भाकरी आणलेली, शेंगाचटणी.
खाताना एवढा आवाज
की बोलायचं राहूनच गेलं.
तिखट लागलं तेव्हा कळलं,
चावीवाल्याकडे पाणी नाही.
मी हसले, हसता हसता ठसका.
तो टपरीकडे पळाला,
पाण्याची पिशवी दातानं फोडून माझ्याकडे दिली
आणि उरलं तेवढंच प्यायला.
तिथं मी त्याचं पाणी जोखलं.

घरी समजलं तेव्हा नान्ना दोन महिने बोलले नाहीत.
माग भंगारात गेला त्या दिवशीही
ते एवढे गप्प नव्हते.
बोलले तेव्हा एवढंच :
आपण तेलुगू, तो कानडी,
आणि काम काय, तर रस्त्यातलं झाकण उघडायचं.
ते त्याला पाण्यात पाहायचे
आणि त्यानं सोडलेल्या पाण्यानंच अंघोळ करायचे.
आईनं एकदा कात्री न थांबवता विचारलं,
पोरगा वेळेवर येतो का?
नाही, मी म्हटलं. पण येतो.

साखरपुड्याचा मुहूर्त भटजींनी काढला,
तो नेमका पाचवा दिवस.
त्याची आई नीरु म्हणत होती, माझी नीळ्ळु,
मधे बसून पुल्ली मास्तर दोघींना मराठीत समजावत होते
जे दोघींना कधीच समजलं होतं.
नान्ना कोपऱ्यात, नव्या चादरीच्या घडीवर,
भिंतीकडे तोंड करून.

अंगठी बोटाच्या पेरावर आली
आणि नळ खोकला.
भर दुपारी.
बदली माणूस होता ड्युटीवर, त्याचा काय नेम.
पाहुण्यांसकट अख्खा बोळ उठला,
कळशा, बादल्या, भगुणी,
जिलबीचं रिकामं पातेलंसुद्धा.
मी पदर खोचून रांगेत,
अंगठी अडकलेली तशीच,
आणि नान्ना,
ज्यांनी जन्मात एक तांब्या भरून घेतला नव्हता,
पाइपचं तोंड धरून ओरडत होते,
अरे रेवण, प्रेशर नाही, बघ की जरा!

तो नव्या शर्टात पळाला.
चावी सायकलला बांधून आणलीच होती त्यानं,
स्वतःच्या साखरपुड्याला.

अंगठी मी नंतर एकटीनंच आत सरकवली.
साबण लागला थोडा.
पाणी होतं.