सदतिसावा भाग

चंद्राचे दोन तुकडे झाले तेव्हा
विडी घरकुलात रात्रीचे पावणेदोन वाजले होते
आणि फोनमध्ये सोळा टक्के.

नायकाचं नाव गोंतारो. जपानातल्या कुठल्याशा
सार्वजनिक न्हाणीघरात टॉवेल वाटणारा पोरगा.
शस्त्रही तेच : ओला टॉवेल.
फटका मारण्याआधी तो फटक्याचं नाव ओरडतो,
चांगलं बावीस अक्षरी, आभाळाकडे बघून,
आणि समोरचा राक्षस
(हेअर ड्रायरांचा सम्राट, खांद्यावर तोफेएवढी तोटी)
नाव पूर्ण होईपर्यंत शहाण्यासारखा उभा राहतो.

“का उभा राहतो?” अम्मा विचारते.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटांत मापानं कापलेलं पान.
“मारायच्या आधी सांगतात होय?
आमचा कारखानदार कधी ओरडला का
छाट काढायच्या आधी?”

मी खालच्या इंग्रजी ओळी वाचते,
मराठीत सांगते, अडलं की तेलुगूत.
आमच्या खोलीत पोचेपर्यंत गोंतारो
निम्मा पद्मशाली झालेला असतो.
गुरूला मामा म्हणतो,
सम्राटाला ‘एम्रा’ म्हणून हटकतो.

नानांना गोष्टीशी देणंघेणं नाही.
सव्वीस वर्षं मागावर काढून कान अर्धे गेलेत,
डोळे शाबूत. फोन नाकाशी धरून
ते फक्त टॉवेल बघतात.
“लूप सुटलेत. काठाला दुहेरी धागा नाही.
असल्या मालानं चंद्र फुटतो
तर आपल्या मालानं काय काय झालं असतं.”
भूमेश खो खो हसतो. नाना नाही हसत.
अक्कलकोट रोडचा त्यांचा कारखाना
संक्रांतीनंतर उघडलाच नाही.
मालकानं पगाराऐवजी दोन गाठी टॉवेल दिले.
त्याच गाठींवर बसून आम्ही हे बघतोय.

मला गोंतारो आवडतो तो हरताना.
हरला की त्याचं डोकं उडतं,
ढगाला आपटतं, खाली येऊन उलटं बसतं,
आणि तो तसाच, उलट्या डोक्यानं,
मुकाट भात खातो.
फेब्रुवारीभर नाना असेच जेवत होते.

तर सदतिसाव्या भागात
न्हाणीघराची मोठी टाकी फुटते.
वाफाळतं पाणी गल्ल्यांतून, पुलांवरून,
आख्खं गाव साबणाच्या फेसावर तरंगतंय,
म्हातारे पाठ चोळत चोळत वाहून चाललेत,
सम्राटाच्या तोट्या बुडबुडे सोडतायत.

अम्माची बोटं थांबली.
हजार विड्यांच्या हिशेबात मधेच थांबलेली
मी तरी पहिल्यांदाच पाहिली.
“एवढं पाणी?”
“गोष्टीतलं गं.”
“आज कितवा दिवस?”
“पाचवा.”
“त्याला नळ बंद कर म्हणावं.”

आणि तेवढ्यात गल्लीतला पाइप खोकला.

अम्मा उठली ती सुपासकट.
तंबाखू हवेत, पानं हवेत, दोरा भूमेशच्या कानात,
“घा-ग-री-ई-ई!”
पलीकडून कोंडाबाई : “मो-टा-आ-र!”
वरून बुर्ला मास्तर, लुंगी सावरत : “पा-इ-प!”
दारं धडाधडा उघडली,
ड्रम गडगडत निघाले,
कुणाची तरी कळशी खरोखरच उडाली
आणि खरोखरच कुणाच्या तरी डोक्याला लागली.
फरक एवढाच
की पाणी कुणाचं नाव पूर्ण व्हायची वाट बघत नाही.
साडेतीनला करंगळीएवढं झालं,
पावणेचारला गेलं.

फोन कधीच बंद पडला होता.
सम्राटाचं काय झालं कळलं नाही.
आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत भिजलेले, दाराशी बसलेलो,
नानांनी गाठीचा दोरा तोडला.
मार्चपासून त्या गाठीला त्यांनी हात लावू दिला नव्हता.
एक पिवळा टॉवेल काढला, ड्रममध्ये बुडवला, पिळला,
अंगणात उभे राहिले
आणि काहीही न ओरडता हवेत झटकला.

फट्ट!

समोरचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं.

“नाव काय याचं?” अम्मानं विचारलं.
नाना विचारात पडले. टॉवेलचा काठ चिमटीत धरून
पाण्याचे थेंब बघत राहिले, पांढरेच पडतायत ना.
“पक्का रंग,” म्हणाले.

अडतिसावा भाग उद्या.
पाणी मंगळवारी.