बिनपोटाचा चाकू

मुबीन, आधी हा हातात घे. लगेच उघडू नकोस.
अकरा वर्षं माझ्या उजव्या खिशात होता,
तिथली शिवण दोनदा उसवली.

साडेतीन रियालला घेतला, फलज अल कबाइलला,
हार्डवेअरवाल्या कुट्टीकडून.
घाट जपानी, पोलाद चिनी,
विकणारा कोळिकोडचा, घेणारा देवगडचा.
टँटो, म्हणाला कुट्टी.
मला वाटलं कारखानदाराचं नाव असेल.

आता उघड. खटका ऐकू येईपर्यंत.
बघ, पातं निघतं पट्टीने आखल्यासारखं
आणि टोकाजवळ येऊन अचानक मत बदलतं.
एक कोपरा.
तिथून दुसरी धार, आखूड, तिरपी, थेट अणीपर्यंत.
चांगल्या सुरीचं नाक कुणी छाटावं तसं.
रॉडेल हसला होता. छिन्नी आणलीस म्हणाला.

त्याचा स्वतःचा चाकू मोडला जुलैत,
ग्रीसच्या पिंपाचं झाकण उचकटताना.
निमुळती, देखणी अणी
टिचकन गेली. गोदामात कुठेतरी असेल अजून.
याच्या अणीमागे मांस आहे,
पाठीची जाडी शेवटपर्यंत सोबत येते.
प्लायवूडमध्ये रुतव, पत्र्याला भोक पाड,
फ्लँजवरचं जुनं गॅस्केट खरवड.
झाकण मात्र उचकटू नकोस. चाकू म्हणजे पहार नव्हे,
हे मी रॉडेलच्या पैशाने शिकलो.

आणि तो कोपरा. खरी गंमत तिथे.
टेपला फक्त तेवढाच टेकवायचा,
मनगट खाली ठेवून आपल्याकडे ओढायचा.
खोकं उघडतं
आणि आतल्या रबरी वळ्यांना ओरखडाही नाही.
सोहारच्या बंदरात वळ्याला ओरखडा म्हणजे
माझ्या पगारातून कापलेले नऊ रियाल.

ईदच्या दुसऱ्या दिवशी क्रेनवाला खलफान
कंबरेला आजोबांचा खंजर लावून आला.
चांदीचं म्यान, टोकाशी वर वळलेलं.
त्याने माझा चाकू उलटापालटा करून पाहिला,
हा तर शाळेच्या कंपासपेटीतला, म्हणाला.
त्याचा खंजर त्याने कधी उपसलेला पाहिला नव्हता,
माझा दिवसातून दोनशेदा उघडतो.
दोघंही आपापल्या पोलादावर खूश होऊन
लाबान प्यालो.

दोष सांगतो, नाहीतर कुट्टीसारखा होईन.
याला पोट नाही.
सुरीची ती गोलाई, जी फळीवर डुलत डुलत
मासा कापत जाते, ती नाही.
एका शुक्रवारी मी याने सुरमईचे काप केले,
ताटात चिंध्या आल्या. कांदाही चेचतो.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
पोटासाठी इतक्या लांब गेलंस
नि चाकू घेतलंस तो बिनपोटाचो?

तिची पार्सलं यायची मांजरपाटात शिवलेली,
आत सोडे, कोकम, एकदा चुकून चष्मा.
टाके बारीक, दुहेरी दोऱ्याचे, गाठीवर गाठ.
खोलीतले सगळे म्हणायचे, फाड ना.
मी अणी टाक्याखाली सरकवायचो,
एक टाका, मग पुढचा. कापडाला कुठे लागू द्यायचो नाही.
एवढ्या कामासाठी तरी
याच्याइतकं शहाणं टोक मी दुसरं पाहिलं नाही.
शेवटचं पार्सल सतरा साली.
कापड ट्रंकेत आहे. त्यावरचा माझा पत्ता
पोस्टमनच्या अक्षरात.

हां, धार.
दगडावर सरळ बाजू वेगळी, तिरपी वेगळी.
कोपऱ्यावरून हात फिरवत नेऊ नकोस,
तीच चूक मी अकरा वर्षं केली, घाईत, रात्रपाळीला.
उजेडात धर. दिसलं?
कोपरा झिजला, गोल झाला थोडा.
परवा कांदा बऱ्यापैकी कापला गेला याने.
हसतोस काय, माझ्याकडे बघून हसतोस होय,
सुटलंच आहे पोट
आम्हा दोघांना.