सोळा फुटी नळी

अडतीस वर्षं मी वेदीची वस्त्रं धुतली.
खळ फार नको, कमीही नको,
घडी अशी की क्रूस वर राहील.
प्याला पुसायच्या फडक्यांचं पहिलं पाणी
मातीत ओतायचं, मोरीत नाही,
हे मला एमिलिया काकूंनी शिकवलं,
त्यांना आणखी कुणी.

बिशपच्या कचेरीतून आलेल्या पोराने विचारलं,
किती जुनी आहेत ही?
मी म्हटलं, माझ्या हातांहून थोडी तरुण.
त्याने लिहिलं :
तागाची फडकी, नग चौदा, वापरलेली.

हे देऊळ खाणीतल्या लिथुआनियन माणसांनी बांधलं,
पगाराच्या दिवशी डॉलरमागे दहा सेंट काढून.
पेन्सिल्व्हेनियाच्या या डोंगराला
आत एक भोक आणि वर एक शिखर,
दोन्ही त्यांच्याच हातची.
भोक बंद होऊन पन्नास वर्षं झाली.
मागच्या हिवाळ्यात मिस्साला आम्ही नऊ जण,
आणि बॉयलरचं बिल अकरा हजार.
मला हिशेब कळतो. मुलगी होते तेव्हा
कंपनीच्या दुकानात उधारीच्या वह्या मीच लिहायची.

तरीही.

क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं उतरवली
तर भिंतीवर चौदा गोरे चौकोन उरले.
येशू तिसऱ्यांदा पडतो
ती जागा सगळ्यांत स्वच्छ.

बाकं एका बिअरवाल्याने घेतली.
कन्फेशनच्या पेटीचं दार निखळलं तेव्हा
बिरूते हसत सुटली :
सत्तर वर्षं मी इथे घाम पुसत बसले, बाई,
आणि आत बघ, एक स्टूल आणि एक हीटर!
मग तिला उचकी लागली,
पाणी द्यायला नळ चालू नव्हता.

संत कासिमिरला गोधडीत गुंडाळून
पिकअपमध्ये आडवं घातलं.
पाय मागून बाहेर आले,
म्हणून पायांना लाल चिंधी बांधली,
रस्त्याचा नियम आहे.

वेदीच्या दगडातलं हाड
फादर स्टॅनियुलिसांनी छिन्नीने सोडवलं, डबीत ठेवलं,
डबी कोटाच्या आतल्या खिशात,
आणि बटण लावलं. दोनदा तपासलं.

शेवटी ऑर्गन.
ओहायोहून आलेली तीन माणसं, शांत, हळू हाताची.
सगळ्यांत जाड नळी, सोळा फुटी,
दोरांवरून खाली आणून आडवी केली
तशी तिच्या तोंडातून भुकटी सांडली,
ओंजळभर, काळी, मऊ.
मेणबत्त्यांची काजळी, त्यांच्यातला म्हातारा म्हणाला.
मी काही बोलले नाही.
माझ्या झिगमासच्या रुमालांत
एकोणीस वर्षं मी हीच बघितली होती,
हीच धुतली होती, निघत नसे.

भाता बाहेरची हवा ओढायचा.
बाहेरची म्हणजे ब्रेकरची, कचऱ्याच्या काळ्या टेकड्यांची.
नाताळच्या रात्री आम्ही सगळे उभे राहून गायचो
तेव्हा तोही आमच्यासारखाच
छातीत कोळसा घेऊन गात होता
आणि खोकत मात्र नव्हता.

माणसं जेवायला गेली.
मी एक फडकं पसरलं,
भुकटी हातानेच लोटली, चार कोपरे बांधले.

संध्याकाळी पोराने मोजली. तेरा.
पुन्हा मोजली.
माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं.
माझंच चुकलं असेल, म्हणाला,
आणि चौदाचे तेरा केले.
कुणाचा आहे कोण जाणे, बरा आहे.

गाठोडं स्वयंपाकघरात आहे, चमच्यांच्या खणात.
फडकं धुवायला हवं.
पण पहिलं पाणी मातीत ओतावं लागेल,
आणि ही माती एवढी वर्षं
जे मागत होती, तेच तिला
आपल्या हाताने द्यायचं,
त्याला माझं मन होत नाही.

हो, किल्ली मी दिली.
सही केली, तारीख घातली.
कुलूप त्यांनी मंगळवारीच बदललं होतं.